एकट्या पॉलिमरेजने गाळलेला मजकूर: साहाय्यक प्रथिनांविषयीचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण डीएनएची नक्कल किती अचूक होते हे मोजणाऱ्या एका लहान संशोधन गटाचे आहे. गट, संस्था आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. प्रयोगांचा क्रम आणि प्रत्येक टप्प्यावर झालेला विचार मात्र घडला तसा ठेवला आहे. गटाने यीस्टमधील पॉलिमरेज डेल्टा हे डीएनएची नक्कल करणारे विकर (एन्झाइम) शुद्ध केले होते. त्याच विकराच्या एका बदललेल्या रूपाची अचूकता मूळ रूपाशी ताडून पाहावी, एवढाच मर्यादित हेतू होता. मूळ रूप केवळ तुलनेसाठी होते, आणि अडचण नेमकी त्याच्यातच निघाली.

यीस्टमधील पॉलिमरेज डेल्टा तीन घटकांचे असते: पॉल-३, पॉल-३१ आणि पॉल-३२. नवा धागा वाढवणारे केंद्र पॉल-३ मध्ये असते आणि नुकताच जोडलेला चुकीचा न्यूक्लिओटाइड (डीएनएच्या साखळीतील एक दुवा) कापून टाकणारे, म्हणजे प्रूफरीडिंगचे, केंद्रही त्याच घटकात असते. अचूकतेचा हिशेब सहसा तीन पायऱ्यांत मांडला जातो. बेस, म्हणजे न्यूक्लिओटाइडवरचे ‘अक्षर’, निवडताना पॉलिमरेजची चूक साधारणपणे लाखात एक या पातळीवर असते. प्रूफरीडिंगमुळे ती सुमारे शंभर पटींनी घटते. आणि नक्कल पूर्ण झाल्यावर विजोड बेस हुडकणारी दुरुस्ती यंत्रणा अचूकतेत आणखी शंभर ते हजार पटींची भर घालते. हा हिशेब खरा आहे, परंतु चूक एखाद्या बेसची असेल आणि ती होताक्षणी धाग्याच्या टोकाशीच दिसेल, असे त्यात मुकाट्याने गृहीत धरलेले असते. या प्रकरणात ज्या चुका सापडल्या त्या या गृहीतकात बसत नव्हत्या.

पेशीत हे विकर कधीच एकटे काम करत नाही. आरपीए हे तीन घटकांचे प्रथिन उघड्या पडलेल्या एकेरी धाग्यावर बसते आणि त्याचा एक रेणू साधारण तीस न्यूक्लिओटाइडांची लांबी झाकतो. पीसीएनए हे तीन एकसारख्या घटकांची कडी बनवते. कडीचे भोक सुमारे साडेतीन नॅनोमीटर रुंद, तर दुहेरी डीएनएची जाडी सुमारे दोन नॅनोमीटर. त्यामुळे कडी डीएनएवरून सहज सरकते, पण सुटून पडत नाही. यीस्टच्या या कडीची त्रिमितीय रचना १९९४ साली उलगडली, तेव्हा एवढी सैल बसणारी वस्तू पॉलिमरेजला इतके घट्ट कसे बांधून ठेवते हे स्पष्ट झाले. ही कडी आपोआप उघडून डीएनएभोवती बसत नाही. त्यासाठी आरएफसी हे पाच घटकांचे यंत्र लागते. ते एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या बळावर कडी उघडते आणि प्रायमरच्या, म्हणजे नक्कल जिथून पुढे वाढते त्या सुरुवातीच्या तुकड्याच्या, टोकाशी, पॉलिमरेजला पकडता येईल अशी तिची बाजू पुढे ठेवून चढवते.

गटाच्या मूळ आराखड्यात या तिघांपैकी एकाचाही समावेश नव्हता. पॉलिमरेजची स्वतःची अचूकता मोजायची असेल तर बाकीची प्रथिने कशाला, हा युक्तिवाद त्या वेळी सर्वांना पटला होता आणि तो अगदीच चुकीचा होता असेही म्हणता येत नाही.

चाचणीची पद्धत

वापरलेली चाचणी या क्षेत्रात जुनी आणि विश्वासाची आहे. एम-१३ या जीवाणूभक्षी विषाणूचा वर्तुळाकार डीएनए घेऊन त्याच्या एका धाग्यात ४०७ न्यूक्लिओटाइडांची पोकळी ठेवली जाते. लॅक-झेड जनुकाचा आवश्यक तुकडा याच पोकळीसमोर, एकेरी धाग्यावर, साच्याच्या रूपाने असतो. पॉलिमरेज ही पोकळी भरून काढते. मग तो डीएनए ई. कोलाय जीवाणूंत घातला जातो आणि लॅक-झेडच्या प्रथिनामुळे निळा रंग देणारे एक्स-गॅल हे द्रव्य असलेल्या थाळीवर विषाणूचे प्लाक, म्हणजे विषाणू वाढल्याचे ठिपके, उमटू दिले जातात. नक्कल बिनचूक असेल तर प्लाक गडद निळा उमटतो. चूक झाली असेल तर फिका निळा किंवा रंगहीन. फिक्या आणि रंगहीन प्लाकांचे एकूण प्लाकांशी असलेले प्रमाण म्हणजे उत्परिवर्तनांची वारंवारता, आणि त्या प्लाकांमधील डीएनएचा क्रम वाचला की चूक कोणत्या प्रकारची होती तेही कळते.

पोकळी पूर्ण भरली आहे का, हे आधी डीएनएचे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या अगरोज जेलवर पाहावे लागते. पूर्ण भरलेला डीएनए एका धाग्याला चीर असलेल्या वर्तुळाकार प्रमाण नमुन्याच्या बरोबरीने धावतो. अर्धवट भरलेला डीएनए एका ठिकाणी न थांबता पट्ट्यांच्या मधल्या जागेत पसरट, धूसर डाग सोडतो.

पहिला निर्णय: विकर वाढवणे

पहिल्याच जेलवर तो धूसर डाग दिसला. पॉलिमरेज डेल्टा पोकळीत शिरत होते, काही अंतर जाऊन गळून पडत होते, आणि ठरलेल्या वेळेत बहुतेक रेणू पूर्ण भरत नव्हते. गटासमोर तीन वाटा होत्या: वेळ वाढवणे, विकराचे प्रमाण वाढवणे, किंवा मिश्रणातील क्षार कमी करून विकराची डीएनएवरील पकड सुधारणे. पीसीएनए घालण्याची चौथी वाट कोणीतरी सुचवली होती, पण आरएफसी हाताशी नव्हते आणि त्याच्याशिवाय कडीचा उपयोग नव्हता, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

गटाने विकर वाढवले आणि क्षारही कमी केला. पुढच्या जेलवर स्वच्छ, एकसंध पट्टी आली. पोकळी भरली, असे नोंदवून काम पुढे सरकले.

माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. तो घेताना मात्र कोणालाही तो निर्णय वाटला नव्हता. भरपूर विकर घातल्यावर पोकळी भरते, कारण एक रेणू गळून पडला की दुसरा लगेच येऊन बसतो. जेलवर दिसणारे अंतिम चित्र एकाच रेणूने सलग केलेल्या नकलेसारखेच असते. पण त्या दोन रेणूंच्या मधल्या क्षणी नव्या धाग्याचे टोक मोकळे, कोणाच्याही ताब्यात नसलेले असते, आणि समोर शेकडो न्यूक्लिओटाइडांचा उघडा साचा पसरलेला असतो. विकराचे प्रमाण वाढवल्याने असे क्षण लहान झाले असतील, पण नाहीसे झाले नाहीत. पोकळी भरली का, या प्रश्नाचे उत्तर जेल देते. ती भरताना विकर किती वेळा सुटले, हे त्या जेलवर उमटत नाही.

अडचण

प्लाक मोजल्यावर मूळ पॉलिमरेज डेल्टाची उत्परिवर्तनांची वारंवारता अपेक्षेपेक्षा बरीच जास्त निघाली. प्रूफरीडिंग शाबूत असलेल्या विकराकडून ही अपेक्षा नव्हती. बदललेल्या रूपाची वारंवारता त्याहूनही जास्त होती, त्यामुळे दोघांमधील फरक दिसत होता. फरक दाखवणे एवढेच उद्दिष्ट असते तर निकाल लिहून मोकळे होता आले असते. गटातील एका सदस्याचा आग्रहही तोच होता: मूळ रूपाचा आकडा जास्त असला तरी तुलना न्याय्य आहे, कारण दोन्ही रूपे सारख्याच परिस्थितीत तपासली आहेत.

दुसऱ्या सदस्याने थाळ्यांकडे लक्ष वेधले. एका बेसच्या बदलांमुळे सहसा फिक्या निळ्या प्लाकांचा भरणा असतो, कारण असे बरेच बदल प्रथिनाला पूर्णपणे निकामी करत नाहीत. इथे रंगहीन प्लाक विशेष जास्त होते. हे एवढेच निरीक्षण होते, पण त्यामुळे संख्येवर न थांबता क्रम वाचायचा निर्णय झाला.

क्रम वाचल्यावर चित्र बदलले. उत्परिवर्तनांचा मोठा हिस्सा लांबलचक विलोपनांचा, म्हणजे गाळलेल्या भागांचा, होता, आणि काही ठिकाणी साच्याचा बराच मोठा भाग एका फटक्यात गाळला गेला होता. जवळजवळ प्रत्येक विलोपनाच्या दोन टोकांशी काही बेसांचा तोच तो छोटा क्रम पुन्हा आलेला होता, आणि विलोपनानंतर त्या दोन पुनरावृत्तींपैकी एकच उरली होती. एकाच दिशेने लिहिलेल्या दोन सारख्या क्रमांमधील मजकूर गाळला जाणे ही योगायोगाने घडणारी गोष्ट नव्हे.

विचारात घेतलेली कारणे

चर्चेत चार शक्यता मांडल्या गेल्या आणि त्यांपैकी तीन तुलनेने लवकर निकाली निघाल्या.

साचाच खराब असू शकतो, ही पहिली. न भरलेला, पोकळी असलेला डीएनए तसाच जीवाणूंत घातला, तर जीवाणू तो स्वतः भरून घेतो. त्यातून मिळालेली वारंवारता ही पार्श्वभूमीची पातळी. ती कमी होती आणि त्यात अशी विलोपने नव्हती. याच तुलनेने दुसरी शक्यताही सुटली, ती म्हणजे जीवाणूच आपल्या पुनर्संयोजन यंत्रणेने ही विलोपने घडवत असावा. तिसरी शक्यता विकराच्या नमुन्यात एखादे परके पॉलिमरेज मिसळल्याची होती. वेगळ्या वेळी शुद्ध केलेल्या नमुन्याने तसाच निकाल दिला, आणि प्रूफरीडिंगचे केंद्र निकामी केलेल्या पॉलिमरेज डेल्टाने एक महत्त्वाचा पुरावा जोडला. या रूपात एका बेसच्या चुका अपेक्षेप्रमाणे वाढल्या. त्या वाढल्या म्हणजे नळीत काम करणारे विकर तेच होते, आणि दीर्घ विलोपने दोन्ही रूपांत होती.

हा शेवटचा तपशील समजून घेण्यासारखा आहे. विलोपन कसे घडते याची रीत अशी असावी: नवा धागा पहिल्या पुनरावृत्तीची नक्कल करतो, विकर सुटते, धाग्याचे टोक साच्यापासून उलगडते आणि पुढे असलेल्या दुसऱ्या पुनरावृत्तीशी जुळते. मधला साचा वेटोळ्यासारखा बाहेर फुगतो. मग नवे विकर येते तेव्हा त्याला दिसते ते नीट जुळलेले, एकही विजोड बेस नसलेले टोक. कापण्यासारखे त्यात काही नसते, म्हणून प्रूफरीडिंग गप्प राहते आणि नक्कल पुढे चालू होते. खाडाखोड नसलेल्या, स्वच्छ अक्षरात उतरवलेल्या प्रतीतून एक परिच्छेद गळावा आणि शब्दन्‌शब्द तपासणाऱ्याला तो न कळावा, तसे हे आहे.

पेशीतील पुढच्या यंत्रणेचाही इथे फारसा उपयोग नाही. एमएसएच-२ आणि एमएसएच-३ या जोडीचे दुरुस्ती प्रथिन फुगलेली छोटी वेटोळी ओळखते, पण त्याची पोच साधारण डझनभर न्यूक्लिओटाइडांच्या आसपास संपते. शेकडो न्यूक्लिओटाइडांचे वेटोळे तिच्या आवाक्याबाहेरचे असते. म्हणजे तीन पायऱ्यांच्या त्या हिशेबातील दुसरी आणि तिसरी पायरी या चुकीला अडवत नाहीत, आणि पहिली, म्हणजे बेसची निवड, तर प्रत्येक वेळी अचूकच झालेली असते. तरीही निरोगी पेशींत अशी विलोपने विरळ असतात. तेव्हा ती मुळातच घडू न देणारे काहीतरी पेशीत असले पाहिजे, आणि गटाच्या नळीत ते नव्हते. चौथी शक्यता ही, आणि ती तपासायची म्हणजे साहाय्यक प्रथिने मिळवणे आले.

दुसरा निर्णय: सगळे एकदम की एकेक

आरपीए आणि पीसीएनए दुसऱ्या प्रयोगशाळेकडून मिळाले. आरएफसी गटाला स्वतः शुद्ध करावे लागले, आणि त्यात बराच काळ गेला. प्रथिने हाती आल्यावर मतभेद झाला. सर्व प्रथिने एकत्र घालून विलोपने थांबतात का ते आधी पाहावे, असे एक मत होते. दुसरे मत असे की एकत्र घातल्यावर विलोपने थांबली तर श्रेय कोणाचे ते कळणार नाही, आणि नाही थांबली तर दोष कोणाचा तेही कळणार नाही. साठा थोडा असल्याने दोन्ही मार्ग पूर्णपणे चालणे शक्य नव्हते. शेवटी आरपीए एकटे, मग पीसीएनए आणि आरएफसी, आणि शेवटी तिन्ही, असा क्रम ठरला.

आरपीएच्या मात्रेचा हिशेब सोपा वाटतो, पण त्यातच पुन्हा अडखळायला झाले. पोकळी ४०७ न्यूक्लिओटाइडांची आणि एका रेणूची व्याप्ती साधारण तीस, म्हणजे प्रत्येक डीएनएमागे तेरा-चौदा रेणू पुरायला हवेत. सुरुवातीला गटाने खात्री म्हणून याच्या कितीतरी पट जास्त आरपीए घातले, आणि नक्कलच मंदावली. आरपीए एकेरी धाग्याला इतके घट्ट धरते की क्षार कमी असताना ते दुहेरी धागाही उकलू शकते. पहिल्या टप्प्यावर विकराची पकड वाढावी म्हणून कमी केलेला क्षार इथे उलटला. मात्रा हिशेबाच्या दीडपट-दुपटीच्या आसपास आणून आणि क्षार पेशीतील पातळीजवळ नेऊन हा प्रश्न सुटला.

क्षार वाढवल्यावर एकटे पॉलिमरेज डेल्टा जवळजवळ निरुपयोगी झाले आणि जेलवर पुन्हा तो जुना धूसर डाग आला. त्याच मिश्रणात पीसीएनए, आरएफसी आणि एटीपी घातल्यावर मूळ मात्रेच्या अगदी लहान अंशाएवढ्या विकराने पोकळी सहज भरली. नियंत्रण म्हणून घेतलेल्या दोन नळ्यांपैकी एकीत आरएफसी नव्हते आणि दुसरीत एटीपी नव्हते. दोन्हीत पीसीएनए असूनही काही फरक पडला नाही. साचा वर्तुळाकार असल्याने कडीला कुठल्या मोकळ्या टोकावरून आत सरकता येत नाही, तिला उघडून चढवावेच लागते. टोके मोकळी असलेल्या सरळ डीएनएवर हा पुरावा इतका स्वच्छ मिळाला नसता, कारण पीसीएनए पुरेसे दाट असेल तर ते टोकावरून स्वतःच ओवले जाऊ शकते.

परिणाम

आरपीए एकटे घातल्यावर दीर्घ विलोपने कमी झाली. पीसीएनए आणि आरएफसी घातल्यावरही कमी झाली. तिन्ही एकत्र असताना वाचलेल्या क्रमांत ती जवळपास उरली नाहीत, आणि थाळ्यांवर रंगहीन प्लाकांचे वर्चस्वही संपले.

एका बेसच्या चुका मात्र तिन्ही प्रथिने असताना फारशा बदलल्या नाहीत. गटातील काहींना हे निराशाजनक वाटले, कारण साहाय्यक प्रथिने अचूकता वाढवतात असे सरसकट विधान करता येणार नव्हते. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचे मोल इथेच आहे. बेस निवडणे हे पॉलिमरेजच्या केंद्राचे काम आहे आणि ते कडी असो वा नसो सारखेच होते. साहाय्यक प्रथिने त्या केंद्राला अधिक हुशार करत नाहीत. आरपीए पुढच्या पुनरावृत्तीला झाकून ठेवते, त्यामुळे मोकळ्या टोकाला चुकीच्या जागी जुळायला जागाच मिळत नाही. पीसीएनए विकराला टोकापाशी धरून ठेवते, त्यामुळे टोक मोकळेच पडत नाही. दोन वेगळ्या बाजूंनी एकच दार बंद केले जाते.

निकाल एकाकी नव्हता. पॉलिमरेज डेल्टा बेस बदलण्याच्या चुका फार कमी करते पण विलोपनांच्या बाबतीत तितके काटेकोर नसते, हे यीस्टच्या विकरावर २००५ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवले गेले होते. आणि आरपीए व पीसीएनए दीर्घ विलोपने दाबून टाकतात, हे २००६ साली. गटाने हे लेख आधी वाचले होते. तरीही आपल्या आराखड्याशी त्यांचा संबंध जोडला गेला नाही, कारण आराखडा बेसबदलांभोवती रचला होता.

ज्या तुलनेसाठी हे सारे सुरू झाले होते ती तिन्ही प्रथिनांसह पुन्हा केली गेली. बदललेल्या रूपात बेसबदल जास्त होतात, हा निष्कर्ष टिकला. त्या रूपात विलोपनेही जास्त होतात, हा दुसरा निष्कर्ष टिकला नाही. साहाय्यक प्रथिनांसह दोन्ही रूपांत विलोपने जवळजवळ सारखीच कमी होती. बहुधा बदललेले रूप डीएनएवरून अधिक सहज सुटत होते आणि पहिल्या प्रयोगात दिसलेला फरक त्या सुटण्याचाच होता. ‘परिस्थिती सारखी आहे, म्हणून तुलना न्याय्य आहे’ हा युक्तिवाद इथे कोसळला: एका रूपाला कडीची गरज दुसऱ्यापेक्षा जास्त असेल, तर कडीविना केलेली तुलना दिसायला समान असूनही एकीकडे झुकलेली असते.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या धूसर डागावर थांबून, विकर वाढवण्याऐवजी ते कमी ठेवून, प्रत्येक रेणू एका बैठकीत किती अंतर जातो हे मोजता आले असते. त्यासाठी नवे प्रथिन लागत नाही. साच्याच्या मानाने विकर इतके थोडे घ्यायचे की सुटलेला रेणू पुन्हा त्याच साच्यावर बसण्याची शक्यता नगण्य राहील. हे अंतर पोकळीच्या लांबीहून फारच कमी आहे असे दिसले असते, तर साहाय्यक प्रथिनांचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर आला असता.

क्रम वाचण्याआधी एक स्वस्त तपासणीही शक्य होती. रंगहीन प्लाकांमधील लॅक-झेडचा भाग पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती बनवणाऱ्या पद्धतीने, वाढवून जेलवर चालवला असता, तर मोठी विलोपने आखूड पट्ट्यांच्या रूपाने लगेच उघड झाली असती. पहिल्या क्रमवाचनाला लागलेला वेळ आणि दरम्यान वाया गेलेल्या थाळ्या यातून वाचल्या असत्या. अशा चाचण्यांत वारंवारतेचा एकच आकडा नोंदवण्याची सवय इतकी रुळलेली आहे की चुकांचे प्रकार वेगळे करणे हे पुढचे, जमल्यास करण्याचे काम समजले जाते. या प्रकरणात तो एकच आकडा दोन अगदी भिन्न प्रक्रियांची बेरीज होता.

आरपीएबाबत एक प्रश्न सुटायचा राहिला आहे. विलोपने रोखण्यासाठी धागा नुसता झाकलेला असणे पुरते, की आरपीएचे आरएफसी आणि पॉलिमरेज यांच्याशी असलेले खास संबंधही लागतात? ई. कोलायचे एसएसबी हे प्रथिन एकेरी धागा झाकते, पण यीस्टच्या यंत्रणेशी त्याचे तसे नाते नाही. आरपीएच्या जागी ते घालून तीच चाचणी केली, तर या दोन शक्यता वेगळ्या करता येतील. एसएसबी मिळवणे सोपे आहे आणि बाकीचे मिश्रण आता ठरलेले आहे. गटाने हा प्रयोग पुढच्या कामाच्या यादीत घेतला आहे. त्यात क्षाराची पातळी बदलायची नाही, एवढी एक अट आधीच लिहून ठेवली आहे.